मदत हवी आहे: पीसी कधी ब्लू स्क्रीन देतो, कधी नुसताच रिस्टार्ट होतो (सांगली)

हळदपेठ:
मार्केट यार्डातल्या अडत पेढीवरचा पीसी आहे. आय-५ १०४००, एच४१० चा बोर्ड, जीटीएक्स १६५०, ४५० वॅटचा एसएमपीएस, २५६ जीबी एसएसडी, विंडोज ११. आधी ८ जीबीची एकच रॅम होती, दिवाळीनंतर दुसऱ्या कंपनीची ८ जीबी वाढवली. मागे ६०० व्हीएचा यूपीएस.

दिवसाआड ब्लू स्क्रीन (विंडोज कोसळल्याची निळी पाटी) येतो आणि कोड दर वेळी वेगळा असतो: मेमरी मॅनेजमेंट, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. एकदा व्हिडिओ टीडीआर फेल्युअरही आला. याशिवाय सौदे आटोपून शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालाच्या हिशोबाच्या पावत्या) छापायच्या वेळी मशीन काही न सांगता रिस्टार्ट होतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१, म्हणजे मशीन नीट बंद न होता सुरू झाल्याची नोंद, दिसते. ब्लूस्क्रीनव्ह्यू या प्रोग्राममध्ये बहुतेक डम्प (कोसळताना लिहिलेल्या फाइल) एनटीओएसकर्नलवर बोट दाखवतात.

दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट मारू. हिशोबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा डेटा असल्याने धजत नाही. सुरुवात कुठून करावी?

कृष्णाकाठ:
फॉरमॅट राहू दे. आपल्याकडे कुठल्याही दुखण्यावर हेच औषध देतात, पण रॅम खराब असेल तर नवीन विंडोजही त्याच खराब रॅमवर चढणार.

तुमच्याकडे बहुधा दोन वेगळे आजार आहेत, त्यांची गल्लत करू नका. इव्हेंट ४१ उघडून डिटेल्समध्ये बगचेककोड (कोसळण्याच्या कारणाचा आकडा) बघा. तिथे ० असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे वीज तुटली किंवा मशीन जागीच गोठलं. आकडा असेल तर तो ब्लू स्क्रीनचा. तो दशमान पद्धतीत लिहिलेला असतो: २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट, १० म्हणजे आयआरक्यूएल, ८० म्हणजे पेज फॉल्ट.

एनटीओएसकर्नल हे विंडोजचं खुद्द कर्नल, म्हणजे गाभा. कुणीही मेमरीत घाण केली की शेवटी कोसळतं तेच, म्हणून डम्पमध्ये त्याचं नाव येतं. त्यावरून निष्कर्ष काढू नका. ढोबळ नियम असा: दर वेळी तोच कोड आणि तीच ड्रायव्हर फाइल असेल तर ड्रायव्हर, कोड आणि फाइल बदलत राहिले तर आधी रॅम. तुमचं चित्र दुसऱ्या प्रकारचं आहे, आणि रॅम नुकतीच वाढवलेली आहे.

मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाका आणि पीसी त्यावरून बूट करा. फुकट आवृत्ती चार पास (तपासणीच्या फेऱ्या) करते, रात्रभर लावून ठेवा. चुकीची एक जरी लाल ओळ आली तरी नापास, "एकच तर आहे" असं चालत नाही. आधी दोन्ही स्टिक एकत्र तपासा. चूक निघाली तर एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून बघा, मग चांगली स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये. म्हणजे स्टिक खराब की स्लॉट, हे कळतं. दोन्ही एकेकट्या पास आणि एकत्र नापास झाल्या तर त्यांची जोडी जमत नाही. मग बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगचा पडदा) रॅमचा वेग एक पायरी खाली आणून बघा. विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक पास झालं म्हणून निर्धास्त राहू नका, ते वरवरचं असतं.

आता रिस्टार्टचं. प्रिंटर कुठला आहे आणि त्याची पिन कुठे लावली आहे?

हळदपेठ:
लेझर आहे. पीसी, मॉनिटर आणि प्रिंटर तिन्ही यूपीएसवर. रिस्टार्टच्या वेळच्या ४१ मध्ये बगचेककोड ० आहे.

कृष्णाकाठ:
सापडलं. लेझर प्रिंटरमध्ये टोनर कागदावर वितळवायला फ्यूजरचा हीटर असतो. तो तापताना काही क्षण शेकडो वॅट ओढतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच. तो ओव्हरलोड होऊन आउटपुट सोडतो आणि पीसी मरतो. प्रिंटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. यूपीएसवर फक्त पीसी आणि मॉनिटर.

लगे हाथ यूपीएसची बॅटरीही तपासा. पीसी काढून त्या जागी १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा आणि यूपीएसची मेनची पिन ओढा. बल्ब मिनिटभरात विझला तर बॅटरी गेली. पीसी चालू ठेवून हा प्रयोग करायचा नाही.

मिरज_जंक्शन:
वरच्याला जोडून एक. हळदपेठेत मशीन असेल तर कॅबिनेट उघडून सीपीयूचा हीटसिंक बघाच. हळदीत तेल असतं, त्यामुळे तिची भुकटी साध्या धुळीसारखी उडून जात नाही, पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत पिवळी चिकट पुटं धरते. नुसता ब्लोअर मारून ती निघत नाहीत. हीटसिंक काढा, मऊ ब्रशने आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून स्वच्छ करा, पूर्ण सुकू द्या आणि नवीन थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी लावून बसवा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो जनरेटरसारखा उलटी वीज सोडतो. मग एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम लावून कामाच्या वेळचं तापमान बघा. या सीपीयूची मर्यादा १०० अंश आहे, ९० च्या वर रेंगाळत असेल तर कूलिंग पुरत नाही.

व्हिडिओ टीडीआर सध्या बाजूला ठेवा. ग्राफिक कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर नव्याने उठवायचा प्रयत्न करते, ते जमलं नाही की हा कोड येतो. खराब रॅमनेही तो येऊ शकतो. रॅमचा निकाल लागल्यावरही आला, तर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढायच्या प्रोग्रामने जुना ड्रायव्हर पुसून नवा टाका. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही.

हळदपेठ:
प्रिंटर भिंतीला लावल्यापासून छपाईत रिस्टार्ट नाही. बल्ब टिकला. मेमटेस्टमध्ये जुनी स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये पास, नवीन स्टिक दोन्हीकडे नापास. हीटसिंक पिवळाधमक होता, साफ केला. आता नवीन स्टिक बदलून आणली की काम संपलं ना?

कृष्णाकाठ:
नाही. वॉरंटीला देण्याआधी स्टिकवरच्या सिरियल नंबरचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, आणि तोवर एकट्या जुन्या स्टिकवर चालवा.

पण खरी काळजी टॅलीची. खराब रॅममधून गेलेला डेटा डिस्कवर चुकीचा लिहिला गेला असू शकतो, आणि त्या काळात घेतलेला बॅकअपही. म्हणून दिवाळीआधीचा बॅकअप असेल तर तो वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा, त्यावर काही लिहू नका. आजच्या डेटा फोल्डरचीही जशीच्या तशी प्रत काढा. मग टॅलीप्राइममध्ये ऑल्ट-वाय दाबून रिपेअर चालवा, आणि या काळातल्या पेढीच्या खात्यांच्या बाक्या छापील पट्ट्यांशी ताडून बघा.

विंडोजसाठी ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी डिस्मचं रिस्टोअरहेल्थ, मग एसएफसी स्कॅननाऊ; दोन्ही विंडोजच्याच फाइल दुरुस्त करायच्या आज्ञा. क्रम हाच ठेवा, कारण एसएफसी दुरुस्तीचे तुकडे ज्या साठ्यातून उचलतं, तो साठा डिस्म नीट करतं. शेवटी डिस्क तपासणारं चेकडिस्क. नवीन स्टिक आल्यावर ती बसवून पुन्हा मेमटेस्टचे चारही पास होऊ द्या, मगच टॅली उघडा.