हौशी सीएनसी घ्यायची की बांधायची? अपेक्षा किती ठेवावी?

नवशिका_सुतार:
थ्रीडी प्रिंटर हाताशी बसलाय, आता सीएनसी राउटरचं (संगणकाच्या हुकमावर लाकूड कापणाऱ्या-कोरणाऱ्या मशीनचं) खूळ डोक्यात शिरलंय. ३०१८ नावाचं छोटं तयार किट घ्यावं की चौकोनी पोलादी नळ्यांची प्रिंटएनसी (घरी बांधायच्या सीएनसीचा खुला आराखडा) स्वतः बांधावी, इथे अडलोय. करायचंय काय, तर लाकडी नावाच्या पाट्या, प्लायवूडचे खोके आणि जमलं तर ॲल्युमिनियमचे छोटे ब्रॅकेट. किटच्या जाहिरातीत ०.०१ मिमी अचूकता लिहिलीय. एवढी खरंच मिळते का?

गुण्या:
नाही. असे आकडे बहुतेक मोटरच्या पावलावरून येतात. १.८ अंशांची स्टेपर (पावलापावलाने फिरणारी मोटर) फेऱ्याला २०० पावलं टाकते, तिला चालवणारा ड्रायव्हर प्रत्येकाचे १६ भाग करतो आणि समजा स्क्रू फेऱ्याला ८ मिमी सरकवतो. म्हणजे मिलिमीटरला ४०० पावलं, कागदावर ०.००२५ मिमी! आता मोटरांना वीज असताना स्पिंडलला (कापणारं पातं, म्हणजे बिट, फिरवणाऱ्या मोटरला) डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं मापक) लावा आणि अंगठ्याने बाजूला रेटा. काटा जेवढा पळेल तेवढीच तुमची अचूकता. कापताना बिटवर येणारा जोर अंगठ्यापेक्षा प्रेमळ नसतो.

सगळा मामला ताठपणाचा आहे, आणि तो फक्त फ्रेमचा नाही. कोलेटमधून, म्हणजे बिट धरणाऱ्या चिमट्यातून, बिट दुप्पट बाहेर काढलं तर तेवढ्याच जोराला ते आठपट वाकतं. जाडी दुप्पट केली तर सोळापट कमी वाकतं. त्यामुळे लांबलचक बारीक बिट बघून हुरळू नका.

३०१८ वर पाट्या उत्तम होतील. ॲल्युमिनियमही कापलं जातं, पण एकधारी बिट, ०.१-०.२ मिमीचे थर आणि भरपूर संयम लागतो. फेड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग, भीतभीत कमी करत गेलात तर बिट कापायचं सोडून घासायला लागतं, तापतं आणि ॲल्युमिनियम त्याच्या धारेला चिकटून बसतं. मिनिटाला १०,००० फेरे, एक धार, मिनिटाला ३०० मिमी फेड म्हणजे दर फेऱ्याला ०.०३ मिमीचा कीस. हा हिशेब आधी करा, मग स्टार्ट दाबा. पोलादाचं नावच काढू नका.

भुसाभाऊ:
प्रिंटएनसीबद्दल एकच विचारतो: तुम्हाला वस्तू बनवायच्या आहेत की मशीन बनवायचं आहे? दुसरं असेल तर खुशाल बांधा, मजा आहे. नळ्यांना भोकं पाडणं, रेल समांतर बसवणं, वायरिंग, लिमिट स्विचच्या (अक्षाचं टोक ओळखणाऱ्या बटणाच्या) तारांमधला विजेचा अडथळा शोधणं, यात महिने कसे जातात कळत नाही. तोवर पाटी एकही होत नाही.

आणि आवाज! थ्रीडी प्रिंटर शेजारी ठेवून झोपता येतं, याच्या शेजारी बोलताही येत नाही. एमडीएफची (दाबलेल्या लाकूडतंतूंच्या फळीची) धूळ फुफ्फुसात जाते, तेव्हा व्हॅक्यूम आणि मास्क हवाच. मशीन चालू ठेवून बाजारात जायचं नाही. घासणाऱ्या बिटाने भुसा पेटू शकतो.

नवशिका_सुतार:
मग खोक्यांचं काय? ३०१८ मध्ये मावतील?

गुण्या:
टेबलाची चाल साधारण ३०० × १८० मिमी, त्यातली जागा क्लॅम्प खातात. दागिन्यांची डबी होईल, पुस्तकांची पेटी नाही. खोके हेच मुख्य काम असेल तर थोडं मोठं, पट्ट्यावर किंवा बॉलस्क्रूवर (नटमध्ये गोळ्या असलेल्या स्क्रूवर) चालणारं तयार किट बघा आणि स्पिंडल म्हणून ट्रिम राउटर (सुतारांचं हातातलं छोटं राउटर) बसवा.

काहीही घेतलंत तरी पहिल्यांदा टाकाऊ प्लायमधून १०० मिमीचा चौकोन कापा. दोन्ही कर्ण १४१.४ यायला हवेत. त्यांच्यात फरक पडला तर गॅन्ट्री (स्पिंडल वाहणारा आडवा पूल) काटकोनात नाही. मग एक गोल कापा. अक्ष दिशा बदलतो त्या चार जागी गोल चपटा दिसला तर स्क्रूवरच्या नटमध्ये ढिलाई आहे. आणि हो, मध्येच आकार अचानक सरकला तर सॉफ्टवेअरला शिव्या घालू नका. साध्या स्टेपरने पाऊल चुकवलं तर जीआरबीएलला (मोटरा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते कळतच नाही, ते बिचारं पुढचं कापत राहतं. आधी फेड किंवा थर कमी करून बघा, आणि मोटर व स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचा स्क्रू ढिला नाही ना ते तपासा.