मदत हवी आहे: चवळीच्या खेळात निकाल उलटा येतोय

मधुरा_परळ:
शनिवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. नैसर्गिक निवड दाखवायला लाल आणि पांढरी चवळी मिसळून पसरली. मुलं शिकारी होऊन दाणे टिपतात, मग पूर येतो, उरलेल्यांना पिल्लं होतात. पांढरे संपायला हवेत ना? पाचपैकी दोन गटांत लालच संपत आले. काय चुकतंय? लवकर सांगा.

खारफुटी:
किती दाणे? कशावर पसरले? पूर म्हणजे नक्की काय करता?

गप्पी_टाकी:
चवळी सोडा, गप्पी मासे ठेवा. जीवशास्त्रज्ञ एंडलर यांनी 1980 मध्ये त्रिनिदादच्या गप्पींवर हेच दाखवलं. गप्पी खाणारा मोठा मासा असलेल्या तळ्यांत नरांवरचे ठिपके काही पिढ्यांत कमी झाले, तो नव्हता तिथे वाढले.

खारफुटी:
गप्पीचं पिल्लू वयात यायलाच दोनेक महिने लागतात. प्रदर्शन शनिवारी आहे.

मधुरा_परळ:
लालसर सतरंजी. 10 लाल, 10 पांढरे. अर्धे टिपायचे. मग सतरंजीचा एक कोपरा उलटायचा, त्यावरचे बाद. उरलेल्या प्रत्येकाला एक पिल्लू.

आकडेमोड:
मग बरोबरच झालं. डोळे मिटून 20 तले 10 उचलले, तरी 5 लाल आणि 5 पांढरेच उरणं तीन वेळांत साधारण एकदाच घडतं. शिवाय पुरात दोन-तीन आणखी जातात, पिल्लं धरूनही 20 चे 14-16 होतात. म्हणजे पिढीगणिक दाणे घटतात आणि योगायोगाचा जोर वाढतो. 100-100 घ्या. तिथे नुसत्या योगायोगाने 100 चे साधारण 107 किंवा 93 होतात, शिकारीचा परिणाम त्यावर उठून दिसतो.

खारफुटी:
आणि पूर ही नैसर्गिक निवड नव्हेच, तो जेनेटिक ड्रिफ्ट, म्हणजे निव्वळ योगायोगाने होणारा बदल. दोन्ही एकाच पिढीत कालवू नका.

गप्पी_टाकी:
सरसकट असं म्हणता येत नाही. 2017 मध्ये अर्मा आणि मारिया वादळांनंतर टर्क्स आणि केकोस बेटांवर वाचलेल्या ॲनोल सरड्यांच्या बोटांच्या गाद्या मोठ्या होत्या, पुढचे पाय लांब. फांदी घट्ट धरणारे टिकले. ही निवडच झाली.

खारफुटी:
मान्य. जगणं-मरणं त्या गुणावर अवलंबून असेल तर निवड. सतरंजीचा कोपरा रंग बघत नाही.

नानीची_कोठी:
खेळलेली चवळी परत डब्यात ओतू नका, एका किडक्या दाण्याने सगळ्यांना भुंगा लागतो.

आकडेमोड:
मधुराताई, तीन गटांना फक्त शिकार द्या, तीन गटांना फक्त पूर. शिकारी चार, प्रत्येकी 25 दाणे. एका वेळी एकच दाणा, दर दाण्यानंतर हात पाठीमागे आणि नजर वर. हे पाळलं नाही की मुलं चाचपडत मूठभर ओढतात, रंग बघतच नाहीत. पुराला कोपरा नको, दाणे घड्यांत साचतात. सगळे कापडी पिशवीत घालून हलवा आणि न बघता 100 काढून टाका. चार पिढ्या करा, दर पिढीला पांढरे मोजून प्रत्येक गटाची आलेखावर एक रेघ काढा. शिकारीच्या तिन्ही रेघा एकाच दिशेला जातील, पुराच्या तीन तीन वाटांनी. फलकावर या सहा रेघा शेजारीशेजारी काढा.

मधुरा_परळ:
आत्ता दोन पिढ्या करून बघितल्या. शिकारीत पांढरे 100 चे 62, मग 30. पुरात 100 चे 94, मग 104. लाल दाण्याचा पांढरा डोळा वर आला की तेवढे लालही टिपले जातात, चालेल? आणि सहा गटांना चवळी किती आणू?

खारफुटी:
चालेल, खऱ्या शिकारीतही लपणारे सगळे वाचत नाहीत. प्रत्येक रंगाची पाव किलो, हजाराच्या वर दाणे बसतात.