मदत हवी आहे : जीकॉन्फ (प्रोग्रामची सेटिंगे साठवणारी जुनी प्रणाली) काढताना पुढील दाखल क्रमांक कसा सांभाळावा?

सप्रेम नमस्कार.

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील आमच्या गावी देवळाच्या अग्रशाळेतील (भाविकांच्या उतरण्याच्या इमारतीतील) एका खोलीत वाचनालय चालते. पुस्तकांची दाखल नोंद (नव्या पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवणे), देवघेव आणि पुस्तकांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांची छपाई या कामांसाठी आम्ही काही जणांनी २००९ साली सी भाषेत, जीटीके २ या खिडक्या-बटणे दाखवणाऱ्या लायब्ररीवर (तयार कोडसंचावर) एक मुक्तस्रोत प्रोग्राम लिहिला आणि तो आजही रोज वापरात आहे. डिसेंबर २०२० मध्ये जीटीके ४ प्रसिद्ध झाली, त्याच वेळी जीटीके २ ची देखभाल थांबली. वाचनालयाचा संगणक आता बदलायचा असल्यामुळे चवथीपूर्वी सर्व कालबाह्य लायब्रऱ्या काढून प्रोग्राम आधी जीटीके ३ वर आणायचे आम्ही ठरवले आहे.

खिडक्यांची रचना फाइलीतून वाचणाऱ्या जुन्या लिबग्लेडचा भाग सोपा गेला. जुन्या फाइली जीटीके-बिल्डर-कन्व्हर्ट या साधनाने बदलून घेतल्या आणि लिबग्लेडच्या जागी जीटीके-बिल्डर लावला. चिठ्ठ्यांचे चित्रण जुन्या एक्स्पोज-इव्हेंट सिग्नलऐवजी ड्रॉ सिग्नल आणि कैरो ही चित्रणाची लायब्ररी वापरून नव्याने लिहावे लागले. त्यात ‘कीर्तन’ या शब्दाचा रफार वरून कापला जात होता, परंतु मजकूर मांडणाऱ्या पँगो लायब्ररीकडून लॉजिकल (ओळीच्या ठरीव मापाच्या) आयताऐवजी इंक (प्रत्यक्ष उमटणाऱ्या अक्षरांचा) आयत घेऊन उंची मोजल्यावर तो नीट उमटू लागला.

खरी अडचण जीकॉन्फची आहे. खिडकीचा आकार, प्रिंटरचे नाव या सेटिंगांबरोबर पुढील दाखल क्रमांकही आम्ही तेव्हा जीकॉन्फमध्येच ठेवला. ही आमची चूक होती, कारण तो क्रमांक ही सेटिंग नसून वाचनालयाची नोंद आहे. नव्या आवृत्तीत तो हरवला, तर मोजणी १ पासून सुरू होईल आणि एकाच क्रमांकाची दोन पुस्तके कपाटात बसतील. पुस्तकांच्या नोंदी असलेल्या एसक्यूलाइट डेटाबेसमधील सर्वांत मोठ्या क्रमांकात एक मिळवण्याचा उपाय सुचला होता, पण शेवटची नोंद रद्द झालेली असल्यास तोच क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला मिळेल आणि दाखल नोंदवहीत असे कधीही होता कामा नये.

जीकॉन्फची जागा घेणाऱ्या जीसेटिंग्जकडे मूल्ये नेणारे जीसेटिंग्ज-डेटा-कन्व्हर्ट हे साधन आहे, पण ते जीकॉन्फसोबतच येते आणि आम्हाला तर नव्या संगणकावर जीकॉन्फच नको आहे. जुन्या संगणकावरील घर-फोल्डरातल्या लपलेल्या जीकॉन्फ फोल्डरात मूल्ये साध्या एक्सएमएल फाइलींत दिसतात. आमच्या फाइलीत एंट्री या टॅगवर प्रकार इंट (पूर्णांक) आणि मूल्य ४१२७ असे स्पष्ट लिहिलेले आहे. त्या संगणकावर ग्रंथपाल आणि स्वयंसेवक अशी दोन खाती असून स्वयंसेवकाच्या खात्यात हाच आकडा ३९८० आहे, कारण दाखल नोंदीचे काम त्या खात्यातून केव्हाच बंद झाले.

माझा विचार असा आहे की पहिल्यांदा सुरू होताना प्रोग्रामने दोन्ही खात्यांच्या एक्सएमएल फाइली लिबएक्सएमएल२ या एक्सएमएल वाचणाऱ्या लायब्ररीने थेट वाचाव्यात, त्यांतील मोठा आकडा एसक्यूलाइटच्या एका स्वतंत्र तक्त्यात लिहावा, ग्रंथपालांना तो दाखवून त्यांची संमती घ्यावी आणि त्यानंतर त्या फाइलींना पुन्हा हात लावू नये. बाकीची सेटिंगे जीसेटिंग्जमध्ये जातील, ती हरवली तरी चालेल.

ज्यांनी आपल्या प्रोग्राममधून जीकॉन्फ काढले आहे, त्यांनी कृपया दोन गोष्टी सांगाव्यात. जीकॉन्फची सेवा चालू असताना ताजे मूल्य फाइलीत उतरायला वेळ लागत असेल, तर फोल्डर नव्या संगणकावर उचलण्यापूर्वी ती सेवा बंद करणे पुरेसे आहे का? आणि एक्सएमएल वाचण्याचा हा भाग प्रोग्राममध्येच ठेवावा, की एकदाच चालवायची वेगळी स्क्रिप्ट करावी? हाच प्रोग्राम वापरणाऱ्या शेजारच्या गावातील वाचनालयात संगणकाची माहिती असणारे कोणी नाही, त्यामुळे माझा कल पहिल्या पर्यायाकडे आहे.