डिसिजन ट्री: स्प्लिट शोधताना कोड रखडतोय

खटपट्या:
रिग्रेशन ट्री (ओळी दोन-दोन गटांत पाडत जाऊन आकड्याचा अंदाज बांधणारी डिसिजन ट्री) शून्यापासून लिहितोय. कॉलममधली प्रत्येक किंमत कट धरतो, ओळी दोन गटांत टाकतो, दोन्हीकडचा व्हेरियन्स (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते) काढतो. हजार ओळींवर ठीक चालतं, १ लाखावर पार बसतं. शिवाय एका कॉलममध्ये २० प्रकार आहेत, त्यांचे दोन गट कसे पाडायचे?

जुनी_फांदी:
दर कटाला व्हेरियन्स पुन्हा पहिल्यापासून मोजताय, तिथेच घोडं अडलंय. १ लाख ओळी गुणिले १ लाख कट म्हणजे एका कॉलमला हजार कोटी बेरजा!

कॉलम एकदा सॉर्ट करा आणि डावीकडून एक-एक ओळ सरकवत चला. वायची (ज्या आकड्याचा अंदाज बांधायचाय तो) डावी बेरीज वाढते, उजवी तेवढीच घटते, बस. नोडमधली (आत्ता कापायच्या गटातली) वायच्या वर्गांची, म्हणजे स्क्वेअरची, एकूण बेरीज कुठेही कापलं तरी तीच राहते, म्हणून ती मोजायचीच नाही. फक्त डाव्या बेरजेचा वर्ग भागिले डावी संख्या, अधिक उजवीकडचं तसंच. हा आकडा जिथे सर्वांत मोठा तिथे दोन्ही गटांतला विखुरलेपणा मिळून सर्वांत कमी, म्हणून तिथे कापा.

वाय ५, ६, ४, १४, १५, १६ घ्या. दुसऱ्यानंतर कापलं तर ६६०.७५, चौथ्यानंतर ६९०.७५, तिसऱ्यानंतर ७५०. उत्तर डोळ्यांना दिसतंच होतं म्हणा, पण कोडला डोळे नसतात.

लागोपाठच्या दोन एक्स (कॉलममधल्या) किंमती सारख्या असतील तर मध्ये कापू नका. हा बग फार छळतो, कारण एररही येत नाही. वायमधून सरासरी आधीच वजा करा, नाहीतर मोठ्या आकड्यांवर फ्लोटची अचूकता वाहून जाते.

२० प्रकारांचे दोन गट ५,२४,२८७ तऱ्हांनी पडतात. त्या वाटेला जाऊच नका. प्रकार त्यांच्या वायच्या सरासरीने लावा आणि १९ कट तपासा. वर्गचूक (स्क्वेअर्ड एरर) हा निकष असेल तर सर्वोत्तम विभागणी त्यांतच सापडते. दोन क्लासच्या क्लासिफिकेशनलाही (आकड्याऐवजी ओळ कुठल्या क्लासची ते ओळखणं) हे चालतं. तीन क्लास झाले की ही हमी गेली.

बिनधास्त_बिन:
ओळी आणखी वाढल्या तर सॉर्टही जड जातं. लाइटजीबीएम ही ट्री बनवणारी लायब्ररी किंमतींचे डीफॉल्ट जास्तीत जास्त २५५ बिन (कप्पे) करते आणि कट फक्त बिनांच्या सीमांवर शोधते.

खटपट्या:
सॉर्ट करून पाहिलं, पळतंय! पण आता ट्रीत सगळ्यात वरच्या कटाला ग्राहक क्रमांकाचा कॉलम येऊन बसलाय.

जुनी_फांदी:
येणारच. ज्या कॉलमला हजारो कट, त्याला नशिबाने एखादा चांगला लागण्याची संधीही हजारो. हो-नाहीच्या कॉलमला एकच. क्रमांक आधी काढून टाका. बाकी कॉलमांतही हा पक्षपात खुपत असेल तर होथॉर्न, हॉर्निक आणि झायलाइस यांची २००६ची कंडिशनल इन्फरन्स ट्री बघा: आधी संख्याशास्त्रीय चाचणी लावून कॉलम निवडतात, कट नंतर. आणि पानात (ट्रीच्या टोकाच्या गटात) किमान २० ओळी तरी ठेवा, टोकाचे कट बरेच आटोक्यात येतील.