देअर विल बी वॉर वाचून काढलं, पण हे सगळे जेवतात कधी?

छावणीवाला
मागच्या महिन्यात आमच्या छावणीच्या आठवडी बाजारात रद्दीवाल्याच्या हातगाड्यावर एक इंग्रजी पुस्तक दिसलं, पानं पिवळी, कव्हर निम्मं गायब, चाळीस म्हणला मी तीसला घेतलं. देअर विल बी वॉर, भाग पहिला, 1983 चा, जेरी पोर्नेलनी संपादित केलेला. सगळ्या लढाईच्या विज्ञानकथा, मधीमधी कविता आणि लेख पण घुसवलेत. ऑर्सन स्कॉट कार्डच्या एंडर्स गेमची (पोरांना अवकाशातल्या लढाईसाठी तयार करतात ती) मूळ लघुकथा यात आहे. मी कादंबरीच वाचली होती, ती आधी 1977 ला कथा म्हणून आली होती हे मला ठाऊकच नव्हतं. कथेत घरदार, भाऊबहीण जवळपास काही नाही, नुसतं ट्रेनिंग आणि खेळ, त्यामुळं शेवट जास्त लागतो. मला तरी लागला.

आता खरा प्रश्न. हे पुस्तक आधी ज्याचं होतं त्यानं समासात पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहून ठेवलंय. एका लढाईच्या पानावर फक्त "राशन?". पुढं पंचवीसेक पानांनी परत "राशन??". पहिल्यांदा हसू आलं, पण नंतर मला दुसरं काही दिसायलाच तयार नाही. हजारो जण ताऱ्याताऱ्यांवर लढायलेत, बंदुकीचं नाव मॉडेल सगळं बैजवार सांगायलेत, पण पीठ कुठून यायलंय?

आम्हाला लहानपणापासून देवगिरीची गोष्ट माहिती. 1296 ला अल्लाउद्दीन खिलजी आला, रामदेवराय किल्ल्यावर चढला, आणि वर नेलेली धान्याची पोती उघडली तर आत मीठ, असं सांगतात. तो कातीव कडा, तो खंदक, ती अंधारी म्हणजे काळोखी भुयारी वाट, एकाचाही उपयोग झाला नाही, किल्ला पोत्यांनी पाडला. तर तुम्ही ह्या कथा कशासाठी वाचता आणि रसदीवरची एखादी कुणाला माहिती आहे का?

नांदेड_फिजिक्स
राशनचं नंतर, मला तर उष्णतेवर कोणी बोलत नाही याचा राग येतो. "शत्रूच्या जहाजाला पत्ता लागू न देता" असं वाक्य आलं की मी पुस्तक खाली ठेवतो. अहो मोकळ्या पोकळीत जहाज म्हणजे थर्मासमधला चहा, हवाच नाही तर गरमी जाणार कुठं, ती प्रारणानंच, म्हणजे किरणांच्या रूपातच, बाहेर टाकावी लागते. आपल्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला सुद्धा अमोनिया फिरवून मोठमोठे पंखे लावलेत त्यासाठी (पंखे म्हणजे वारा घालायचे नाहीत, पसरलेले पत्रे समजा). इंजिन चालू असलेलं जहाज म्हणजे अमावस्येला शेतात शेकोटी पेटवून लपून बसल्यासारखं आहे.

दुसरं म्हणजे हुकूम. पृथ्वीवरून मंगळावर सिग्नल जायला कमीत कमी 3 मिनिटं आणि जास्तीत जास्त 22 मिनिटं लागतात. इथून "डावीकडं वळ" म्हणलं की तो वळेपर्यंत लढाई संपलेली. त्या एंडरच्या कथेत पण हुकूम लगेच पोचतो असं धरूनच चाललंय. तरी मी तिला माफ करतो, कारण वजन नसलेल्या खोलीत खाली कुठं आणि वर कुठं हे पोरानं स्वतःच ठरवून घ्यायचं आणि त्यावर डाव जिंकायचा, हे इतकं सोपं करून कोणी सांगितलेलं मी पाहिलं नाही. अकरावीला फ्रेम ऑफ रेफरन्स शिकवताना तेच उदाहरण देतो, पोरं जागी होतात.

गोदाकाठची
मला हा संग्रह पचला नाही, स्पष्टच सांगते. नावच बघा, युद्ध होणारच. 1983 ते 1990 नऊ भाग काढले, नववा आला तेव्हा बर्लिनची भिंत पडून गेलेली आणि पुढच्याच वर्षी ज्या रशियाची भीती घालायलेत तो सोव्हिएत संघच उरला नाही. पोर्नेल स्वतः अवकाशातून क्षेपणास्त्रं अडवायच्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष रेगनच्या योजनेच्या बाजूनं काम करणारा माणूस, त्यामुळं लेख म्हणजे सरळ प्रचारपत्रक वाटतात. कथा वेगळ्या काढून वाचल्या तर त्यातल्या काही चांगल्या आहेत, ते मान्य.

त्यापेक्षा जो हाल्डमनची द फॉरएव्हर वॉर वाचा, 1974 ची. स्वतः व्हिएतनामला जाऊन जखमी होऊन आलेला माणूस. त्यात सैनिक प्रकाशाच्या जवळपास वेगानं जातात, त्यांचे थोडे महिने जातात आणि घरी कितीतरी वर्षं, शतकं निघून जातात. परत येतो तेव्हा भाषा सुद्धा आपली राहिलेली नसते. माझा भाऊ सैन्यात आहे. तो रजेवर आला की पहिले चार दिवस नुसतं विचारतो, हे घर कोणाचं, ती विहीर कधी बुजवली, हा पोरगा कोणाचा.

छावणीवाला
ताई लेखांबद्दल एकदम पटलं, दोन लेख तर मी पानं उलटून सोडून दिले. पण पेन्सिलवाल्यानं लेखांवर एक रेघ सुद्धा मारलेली नाही, त्याला फक्त जेवणाशी मतलब.

जुना_फौजी_लातूर
पेन्सिलवाला आमच्यातला दिसतोय. मी सर्व्हिस कोरमधून रिटायर झालो, म्हणजे पीठ, तेल, रॉकेल, अंडी पोचवणारी मंडळी. आमच्यावर कोणी पिक्चर काढत नाही.

लडाखला हिवाळ्यात जोझिला बंद झाला की रस्ता संपला, म्हणून उन्हाळ्यातच पुढच्या सहा महिन्यांचं वर नेऊन ठेवायचं, त्याला विंटर स्टॉकिंग म्हणायचे. कॉनवाय घाटात अडकला की दिवस दिवस गाडीतच. आणि वर पोचलेलं सगळं खाता येतं असं पण नाही. बटाटा दगड होतो, संत्रं भिंतीवर मारलं तर भिंतीचा पोपडा निघतो. लंगरचा कुक आधी बटाटे बुखारीजवळ (खोली गरम ठेवायची शेगडी) मांडायचा आणि मग सोलायला घ्यायचा, तोपर्यंत सगळे जण त्या बटाट्यांकडं बघत बसलेले. तुमच्या त्या कथांमध्ये असं बघत बसलेलं कोणीच नसतं.

एकदा नातेवाईक म्हणले तुझं काम म्हणजे किराणा दुकान. तेव्हा राग आला होता. मग 2016 चा एप्रिल आला, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, साधारण 5 लाख लिटर. सगळं गाव बघायला, लोक रडायलेत, आणि मी वाघिणी मोजत उभा. मनात एकच, एवढ्या मोठ्या गावाला 5 लाख म्हणजे किती तास? पुढं 50 वाघिणींची गाडी यायला लागली तेव्हा मला जरा दम आला. त्या दिवसानंतर तेच नातेवाईक किराणा दुकान म्हणले नाहीत.

पण एक सांगतो, गोष्टीत राशन दाखवायलाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. रोजचं पीठ मोजलेलं कोण वाचंल? गोष्ट तिथं होते जिथं ते संपतं.

उदगीरची_लेक
काकांचं शेवटचं वाक्य वाचून आमचं गावच आठवलं. 1760 च्या सुरुवातीला उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं, इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता, गावात अजून ते अभिमानानं सांगतात. आणि वर्षभरात 14 जानेवारी 1761 ला तेच भाऊ, तोच गारदी पानिपतावर, रसद तोडलेली, फौज उपाशी. शाळेत आम्हाला पहिली अर्धी गोष्ट शिकवली आणि दुसरी अर्धी बापानं सांगितली.

मराठीत हा प्रकार जवळजवळ नाहीच ना? नारळीकर सरांनी 1974 ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कृष्णविवर पाठवली, नारायण विनायक जगताप हे खोटं नाव घेऊन, तिथपासून आपल्याकडं विज्ञानकथा म्हणलं की शास्त्रज्ञ, प्रयोगशाळा, फार तर परग्रहावरचा पाहुणा. फौजेतले लोक घरोघर आहेत तरी त्यांच्यावर कोणी लिहीना. काका तुम्हीच लिहा की, बटाट्यापासून सुरू करा.

नांदेड_फिजिक्स
आणि जहाज लपवू नका.

जुना_फौजी_लातूर
मला मराठी टायपिंगच अवघड जातं, हे पण नातीनं टाईप केलंय. छावणीवाले, त्या पेन्सिलवाल्यानं अजून काही लिहिलंय का? शेवटची पानं बघा बरं.

छावणीवाला
काका आत्ता बघितलं. मागच्या कोऱ्या पानावर आहे, मी जुनी हिशोबाची आकडेमोड समजून सोडलं होतं. 120 गुणिले 30, बरोबर 3600. खाली "आटा कम", त्याच्याखाली दोन रेघा.

जुना_फौजी_लातूर
120 म्हणजे एक कंपनी, फौजेतली एक तुकडी. 30 दिवस. पुस्तक मला पाठवा, एसटी पार्सलनं टाका, वाचून परत करतो.