रात्रपाळीचा रस्ता एकट्याने चालवायचाय: फ्रीवे की अटल सेतू?

मुलुंडकर_५२
नमस्कार मंडळी. फोर्टातल्या एका दैनिकात मी आणि माझा मित्र, दोघंही मुद्रितशोधक. रात्री दीडला पानं सुटली की त्याच्या वॅगनआरमधून घरी: पी. डिमेलो रोड, ईस्टर्न फ्रीवे, बोगदे, घाटकोपर. मला मुलुंडच्या टोलनाक्याअलीकडे उतरवून तो ठाण्याला. २०१४ पासून जवळजवळ दहा वर्षं. माझं काम एकच, त्याला झोप येऊ न देणं. थर्मासचा चहा झाकणात ओतून द्यायचा आणि आमच्या नजरेतून निसटलेल्या चुका सांगायच्या. 'दिवंगत'चं 'दिगवंत' छापून गेलं होतं, ते आम्हाला वडाळ्यापासून विक्रोळीपर्यंत पुरलं.

शिवडीला अटल सेतूचे खांब वर येताना रोज दिसायचे. तो म्हणायचा, उघडला की पहिल्याच रात्री घरी न जाता पलीकडे जायचं. डिसेंबर २०२३ मध्ये तो झोपेतच गेला. १२ जानेवारीला उद्घाटन झालं. ती बातमी मीच तपासली.

आता मी गाडी शिकलोय (हसू नका). येत्या डिसेंबरात त्याला दोन वर्षं होतील. त्या रात्री एकट्याने निघायचंय. नेहमीच्या रस्त्याने जाऊ की सेतूवरून? आणि मध्ये पाच मिनिटं कुठे थांबता येईल?

शिवडीचा_शेजारी
काका, सेतूवर थांबायचं मनातही आणू नका. २१.८ किलोमीटरमध्ये मुद्दाम थांबायची परवानगी कुठेच नाही, दंड होतो. फ्रीवेवरही तोच नियम. शिवडीची जेट्टी आहे, पण ती ओहोटीचं वेळापत्रक बघून, दिवसाउजेडी, रोहित पक्ष्यांसाठी. रात्री दोनला तिथे काळोख आणि कुत्री. आणि शिवडीजवळ पाट्या नीट वाचा. चुकीच्या लेनला लागलात तर घरी जायचं सोडून सेतूच्या पलीकडच्या टोकाला, चिर्ल्याला पोचाल. मुद्रितशोधक आहात, तरी सांगतो.

हिशेबी_माणूस
सेतूचा टोल कारला एका बाजूचे २५०, परतीसकट ३७५. मी असतो तर एकेरीच गेलो असतो. येताना पनवेलवरून वाशीमार्गे या, तिथे लहान गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे. तुमच्या मुलुंडच्या नाक्यावरही.

मुलुंडकर_५२
हो ना! त्या नाक्यासाठी रोज सुटे काढताना तो ज्या शिव्या द्यायचा, त्या इथे लिहिता येणार नाहीत. माफी बघायला मात्र राहिला नाही.

घोडबंदरची_ताई
दादा, मी मैत्रीण गेल्यावर अशीच निघाले होते, घोडबंदर रोडने. डाव्या सीटवर तिच्या कपड्यांची जड पिशवी ठेवली, तर बेल्टचा अलार्म थांबेना. शेवटी पिशवीला बेल्ट लावला. पुढे गायमुखच्या आसपास डोळ्यांसमोर काही दिसेनासं झालं, म्हणून गाडी पेट्रोल पंपात घातली. पंपावरच्या मुलाने काही न विचारता चारही चाकांची हवा तपासली. सांगायचं इतकंच की रात्री दोनला पहिल्यांदाच जाऊ नका. एकदा दिवसा सेतूवरून जाऊन या. आणि बरोबर कोणी नको असलं तरी घरी सांगून निघा.

मुलुंडकर_५२ (दीड महिन्यानंतर)
जाऊन आलो. ताईंचं ऐकून आधी एका रविवारी सकाळी सेतूवरून फेरी मारली. परवा रात्री पानं सुटल्यावर निघालो, घरी बायकोला सांगून. शिवडीला पाटी बरोबर वाचली.

सेतूवर पाण्याचं काहीच दिसलं नाही. नुसते दिवे आणि काळोख. त्याने नक्की कुरकुर केली असती, एवढ्यासाठी अडीचशे का म्हणून. मी मात्र हात घट्ट धरून गाडी चालवत होतो, आठवण वगैरे काढायला सवडच मिळाली नाही.

पनवेलच्या अलीकडे एका बंद टपरीपाशी थांबलो. चहा झाकणात ओतला आणि सवयीने उजवीकडे धरला. उजवीकडे काच. टपरीवर बोर्ड होता: 'गरमा गरम वडापाव मिळेत'. मोठ्याने वाचला.