योनिमुखाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचे शेक (रेडिएशन) गणपतीनंतर घेतले तर चालेल का?

प्रश्न
मावशी ६१ वर्षांची, रत्नागिरीजवळ खेड्यात राहते. ऑपरेशनला ५ आठवडे झाले. रिपोर्टमध्ये डाव्या जांघेतल्या २ गाठींत कॅन्सर, एका गाठीत आवरण फोडून बाहेर आलेला. २८ शेक सांगितलेत. जखम एका कोपऱ्यात अजून ओली आहे. घरचे म्हणतात, भातलावणी आणि गणपती होऊ देत.

उत्तर १
नका थांबू. २ गाठी आणि फुटलेलं आवरण म्हणजे जांघेत आजार परत येण्याचा धोका मोठा, आणि जांघेत परत आलेला आजार आटोक्यात आणणं फार कठीण. शेक साधारण ६ ते ८ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. प्लॅनिंगचा सीटी स्कॅन आणि आखणीतच आठवडाभर जातो, म्हणून ओला कोपरा याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

दोन्ही जांघा आणि ओटीपोटाला रोज १.८ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप), आठवड्याला ५ दिवस. २८ शेकांत ५०.४ ग्रे. आवरण फुटलं त्या जागी बहुधा आणखी थोडे देतात. सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध द्यायचं का, हे क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून ठरेल. मध्येच खाडे करू नका. त्या दिवसांत उरलेल्या पेशी वाढतात.

उत्तर २
कातडीचं सांगते. तिसऱ्या आठवड्यापासून जांघेची घडी लाल होते, मग सोलते. शेवटच्या आठवड्यात आणि संपल्यावर पुढचे १०-१५ दिवस सगळ्यात जास्त जळजळ. कोमट पाण्यात १० मिनिटं बसवा, दिवसातून २-३ वेळा. मऊ सुती फडक्याने टिपायचं, चोळायचं नाही. हळद, पावडर, डेटॉल काही नको. इलॅस्टिकची निकर घडीत घासते; घरात सैल सुती गाऊन पुरे. आपल्याकडे पावसात कपडे दमट राहतात, ते इस्त्री करूनच द्या. पांढरा थर आणि खाज दिसली तर ती बुरशी असू शकते, तिला वेगळं औषध लागतं.

प्रश्नकर्ता
खोबरेल लावलं तर?

उत्तर २
सोललेल्या जागी नको. शेकाआधी जाड थर तर कुठल्याच मलमाचा नको, त्याने कातडीवरचा डोस वाढतो.

उत्तर १
एक राहिलं. गाठी काढल्यात, त्यात शेक, म्हणून पाय सुजू शकतो. गावात त्याला लगेच हत्तीपाय म्हणतील आणि त्याच्या गोळ्या सुरू होतील. तसं करू नका, फिजिओथेरपिस्टकडून पट्टी बांधायला शिका. मावशींना लावणीला अनवाणी चिखलात उतरू देऊ नका; एवढ्याशा चिरेतून जंतू शिरतात. पाय लाल, गरम आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.

शेक परळला टाटात असतील तर राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आधी चौकशी करा. महात्मा फुले योजनेची कागदपत्रं पहिल्या शेकाआधी द्या.